कडूबानं पारखलेली जोडी

“आता मी जे सांगणार हाय ना, ते तुमच्यातल्या एकाला बी खरं वाटणार न्हाई,” असं म्हणून कडूबानं कापडी पिशवी मांडीखाली आणखी चार बोटं आत सरकवली.

वाटूर फाट्यावरच्या रायभानच्या हॉटेलात हे वाक्य नवीन नव्हतं. ह्याच वाक्यानं सुरू होऊन कडूबाचा एक बैल एकटाच परभणीच्या बाजाराला गेला होता आणि भाव पटला नाही म्हणून आपला आपण परत आला होता. ह्याच वाक्यानं सुरू होऊन भुईमुगाच्या एका शेंगेतून अकरा दाणे निघाले होते, आणि बारावा कडूबानं वाटेत खाल्ला होता. लोक ऐकायचे, मांड्यांवर थापा मारायचे, “काय फेकता आबा!” म्हणायचे, आणि कडूबा खूष व्हायचा. कोणी विश्वास ठेवावा अशी त्याची कधी अपेक्षाच नसे. विश्वास ठेवला असता तर उलट त्याला वाईट वाटलं असतं.

आज मात्र पंचाईत होती. आज त्याला खोटं बोलायचं होतं आणि ते खरं वाटायला हवं होतं. सत्तर वर्षांत ही वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि तोंड उघडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की ह्या कामाचा आपल्याला बिलकुल सराव नाही.

पिशवीत कॅमेरा होता. नवा कोरा, डिजिटल, आजच जालन्याहून आणलेला. कॅमेऱ्याशेजारी लेन्स होती. तीही नवी कोरी. आणि ती लेन्स त्या कॅमेऱ्याला बसत नव्हती.

हे जगात फक्त कडूबाला माहीत होतं आणि उद्या दुपारपर्यंत त्यालाच माहीत राहायला हवं होतं. सकाळी सहाची पहिली बस धरायची, जालन्याचं दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसायचं, लेन्स बदलून घ्यायची आणि दुपारच्या आत परत यायचं. मग कोणाचं काही म्हणणं नव्हतं. तोवर पिशवी उघडता कामा नये, एवढीच काय ती गोष्ट. पिशवी उघडली की चाळीस वर्षांची नजर गेली.

नजर म्हणजे साधीसुधी नव्हे. आसपासच्या दहा गावांत कोणालाही बैल घ्यायचा झाला की कडूबाला संगं नेत. तो बैलाच्या भोवती एक चक्कर मारायचा, दात बघायचा, खांद्यावर हात ठेवायचा, चार पावलं चालवून घ्यायचा आणि एक तर मान हलवायचा नाहीतर तंबाखू मळत निघून जायचा. त्यानं मान हलवलेला बैल कधी बसला नाही, असं लोक सांगत. लोकांना हे कोणी सांगितलं, ते विचारायचं नाही.

कॅमेरा त्याच्या सुनेला हवा होता. बेबीनंदाचा फाट्यावर हॉटेलाला लागूनच फोटो स्टुडिओ होता. नवरा भुजंग ट्रकवर असायचा, महिन्यातून चार दिवस घरी. स्टुडिओ ती एकटी चालवायची आणि चांगला चालवायची. पण साल होतं दोन हजार आठ. रिळाच्या कॅमेऱ्यावर लग्न काढतो म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. अंबडच्या उषाबाईंनी लेकीच्या लग्नाची ऑर्डर दिली ती ह्याच अटीवर: “डिजिटल पाह्यजे बघा. आमच्या व्याह्यांकडच्या लग्नात पोरीच्या पापणीचा केस न् केस दिसत होता.” लग्न परवावर आलं होतं, आणि बेबीनंदा ग्रामपंचायतीत ओळखपत्रांचे फोटो काढायच्या कामात दोन दिवस अडकलेली.

“मी जातो की,” कडूबा म्हणाला होता. “पारखायचंच हाय ना?”

बेबीनंदानं थोडा विचार केला आणि चिठ्ठी लिहून दिली. ‘निकॉन डी-८०, अठरा ते एकशे पस्तीसच्या लेन्ससहित.’ खाली रेघ मारून, ‘दुसरं काही घेऊ नये.’

ही चिठ्ठी कडूबाच्या काळजाला लागली. चाळीस वर्षांत त्याला कोणी चिठ्ठी देऊन बाजारात पाठवलं नव्हतं. बैलाची काय चिठ्ठी असते? त्यानं ती टोपीत खोचली आणि मग तिची आठवणच काढली नाही.

पहिल्या दुकानात त्यानं निकॉनच पाहिला. दुकानदार पोरगेला होता, शिकलेला होता, पण पार्टी काय आहे ते त्याला कळलं नाही. कडूबानं कॅमेरा काउंटरवर ठेवून आधी त्याच्याभोवती चक्कर मारली. म्हणजे काउंटरच्या आत जाऊन, मागच्या बाजूनं. मग वरचा उंचवटा चाचपला. वशिंड भरीव होतं. उजव्या अंगाची मूठ धरून पाहिली, खांदा दांडगा होता. बटण दाबून आवाज ऐकला, एकदा लांबून, एकदा कान लावून. खट्ट! खुरात दोष असता तर असा आवाज आला नसता.

“आता चालवून दाखवा,” कडूबा म्हणाला.

“चालूच आहे बाबा.”

“तसं न्हाई. गळ्यात घाला अन् दारापर्यंत जाऊन या.”

दुकानदार गळ्यात कॅमेरा अडकवून दारापर्यंत गेला आणि आला. दोन गिऱ्हाइकं बघत राहिली. कडूबानं त्याला आणखी एकदा जायला लावलं, ह्या खेपेला जरा जल्दी. कॅमेरा पोटावर एकसारखा झुलत होता, डावीउजवीकडं झोक नव्हता.

“ह्यात दहा मेगापिक्सेल आहेत, आणि ह्या वरच्यात बारा,” दुकानदारानं घाम पुसत सांगितलं.

“म्हंजे दात?”

दुकानदार एव्हाना थकला होता. “तसंच समजा.”

आठाच्या वर दात असलेलं जनावर कडूबानं जन्मात पाहिलं नव्हतं. वय लपवत्यात लेकाचे, असं मनाशी म्हणून त्यानं त्यातल्या त्यात कमी दातांचा घेतला. योगायोगानं तोच चिठ्ठीतला होता. दुकानदारानं दाखवायचा होता तो परत मांडणीत ठेवला आणि तसलाच बंद डब्यातला काढून दिला.

“आणि ही त्याच्यासोबतची लेन्स,” दुकानदार म्हणाला.

इथं मात्र कडूबाची विद्या आडवी आली. बाजारात ज्याला चार गोष्टी कळतात तो माणूस एका मालकाची जोडी कधी घेत नाही. का, तर मालक चांगल्या बैलाच्या आडून वाईट खपवतो. उजवीकडचा एका दावणीचा, डावीकडचा दुसऱ्या दावणीचा, असे दोन निवडून आणायचे आणि आपल्या जुवाखाली जुळवायचे, ह्यातच तर सगळी अक्कल.

“नुसता कॅमेरा द्या. लेन्स मी दुसरीकडून पाहीन.”

“पाहा, पण ह्याच कंपनीची घ्या बरं का बाबा. दुसरीची ह्याला बसत नाही.”

कडूबा गालात हसला. प्रत्येक मालक हेच म्हणतो. जोडी फोडू नका पाटील, ह्याच्याबिगर तो चालायचा न्हाई. चाळीस वर्षं हेच ऐकतोय.

दुसरं दुकान कॅननचं होतं. तिथं त्यानं लेन्सांची रांगच मांडायला लावली. एक पन्नासची होती, आखूड, ठेंगणी. ती ना पुढं जायची ना मागं. जवळचं बघायचं तर माणसानंच चालत जायचं. म्हणजे बैलाऐवजी आपणच औताला. तिच्यावर एफचा आकडा एक पॉइंट आठ होता, आणि त्याहून कमी आकड्याची आणखी महाग होती. आकडा कमी आणि पैसे जास्त, हा धंदा कडूबाला पटला नाही. मग निघाली सत्तर ते तीनशेची. काळीभोर, वीतभर लांब, हाताला जड. गळ्यातली कडी फिरवली तर लोण्यात बोट फिरवल्यागत फिरली. दुकानदारानं ती आपल्या एका कॅमेऱ्याला लावून दारातून समोर धरायला दिली. पार रस्त्याच्या त्या टोकाला एक माणूस कान कोरत होता, आणि काय निघालं तेसुद्धा कडूबाला दिसलं.

कडूबानं मान हलवली.

“कॅमेरा आहे ना आपल्याकडं?” दुकानदारानं विचारलं.

“हाय की.”

“कोणता?”

“सगळ्यात भारी,” कडूबा म्हणाला, आणि प्रश्न तिथंच मिटला.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. रामनगर येईपर्यंत त्यानं मोठ्या हौसेनं डबा उघडला, कॅमेरा काढला, लेन्स काढली आणि जुवाखाली जोडी आणली. बसेना. डावीकडून फिरवली, उजवीकडून फिरवली, थोडं थुंकीचं बोट लावून पाहिलं. रामनगरला उतरून परत फिरावं असं एकदा मनात आलं, पण तेवढ्यात काहीतरी कट्ट वाजलं आणि आशा लागली. वाजलं होतं ते समोरचं बाक. पुढचे आठ-दहा थांबे असेच गेले. शेवटी तिकिटाचे सुटे द्यायला आलेल्या कंडक्टरनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “बाबा, झाकण दुसऱ्या डब्याचं हाय.”

तोवर वाटूर दिसायला लागलं होतं.

घरी गुपचूप सटकायचा त्याचा विचार होता. पण बसमधून उतरणारा माणूस रायभानच्या नजरेतून सुटत नसे. “आबा! इकडं या, इकडं! आणला का?” तेवढ्यात फाट्यावरची लाइट गेलेली, त्यामुळं ग्रामपंचायतीतलं काम आटोपून बेबीनंदाही हॉटेलाच्या बाकड्यावर वारा घेत बसलेली. म्हस्कू तर होताच. मेंढरं वाड्यात घालून दिवस कलताना तो रोज इथं असायचा. कडूबाच्याच वयाचा, काटक, आणि कडूबाच्या थापांना सगळ्यात मोठ्यानं हसणारा.

“दाखवा की मामा,” बेबीनंदा म्हणाली. तिचा हात पुढं आला होता.

तेव्हा कडूबानं पिशवी मांडीखाली घेतली आणि ते वाक्य तोंडातून निघून गेलं.

“खरं न वाटणारं काय झालं आता?” रायभाननं विचारलं.

“झालं म्हंजे काय झालं...” कडूबानं तंबाखूची डबी काढली. चुना लावायला वेळ लागतो, हे ह्या वस्तूचं फार मोठं सुख आहे. “रामनगरच्या म्होरं बस पंक्चर झाली.”

“ह्यात काय? रोजच व्हती,” म्हस्कू म्हणाला.

“ऐक तर. समदे उतरले. म्या म्हणलं, बसून काय करायचं, कॅमेरा तरी पाहू कसा हाय. जोडला. लेन्स तर अशी बसली म्हणून सांगू, जशी काही तिथंच जल्मली. डोळ्याला लावला आन् तोंड केलं वाटूरकडं.”

“रामनगरवरून?”

“रामनगरच्या म्होरून.”

“बारा कोस हाय ना आबा!”

“म्हणून तर म्हणलं तुला खरं वाटणार न्हाई. सत्तरवर काही दिसलं न्हाई. नुसती धूळ. दोनशेवर फिरवली, तर फाट्यावरची चिंच दिसली. अन् तीनशेवर फिरवली, तर रायभान, तुझं हॉटेल. पत्र्यावर ठेवलेलं टायर दिसलं, त्या टायरावरचा नंबर दिसला, अन् खाली तू.”

म्हस्कू आत्ताच हसायला लागला होता. रायभानही हसला. “मी काय करून राह्यलो होतो मंग?”

कडूबानं चुन्याचं बोट थांबवलं. इथं काय सांगावं हे खरं तर त्याला माहीत नव्हतं. पण हॉटेलवाला भर दुपारी काय करतो ह्याला फार डोकं लागत नाही.

“चारचौघात सांगू का?”

“सांगा की.”

“डाव्या हातात तुझ्या दुधाची कॅन...”

“बरं?”

“...अन् उजव्या हातात...” कडूबानं सावकाश मान वळवून कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाकडं पाहिलं. नुसतंच पाहिलं.

रायभानचं हसू ओठावर होतं तिथंच वाळलं. त्यानं गल्ल्यावरचं फडकं उचललं, पुसलेला टेबल परत पुसला.

“आलं टाकू का आबा चहात?” तो म्हणाला.

ह्याचा परिणाम इतका चांगला होईल असं कडूबाला वाटलं नव्हतं. मघापासून घामेजलेला त्याचा जीव जरा थाऱ्यावर आला. पाहिलं, तर म्हस्कू पोट धरून हसत होता. “पकडला! पकडला लेकाला! म्या कधीचा म्हणतोय, ह्याच्या चहात मासा सोडला तर पवंल!”

“मंग,” कडूबा म्हणाला, “लेन्स जरा डाव्या अंगाला घेतली.”

“बरं?”

“साहेबरावचा ऊस हाय ना वढ्याकडंचा?”

म्हस्कूचं हसणं एकदम बंद पडलं नाही. गिरणी बंद केल्यावर पट्टा जसा थोडा वेळ फिरत राहतो, तसं हळूहळू थांबलं.

“त्याच्या कडंला तीन मेंढ्या,” कडूबा सांगत होता. “खाली माना घालून. चांगलं शेंड्याशेंड्यानं चाललं होतं. त्यातली एक कानाला काळी.”

“तीन कुठल्या, चा...” म्हस्कू म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

“चार असतील. एक उसात असंल, ती मला दिसली न्हाई. म्या खोटं कशाला बोलू?”

“साहेबरावला काही बोलला न्हाईस ना गड्या?” म्हस्कूचा आवाज अगदी खाली आला होता.

“म्या कशाला बोलू? पण फोटो निघाले नव्हं. ह्या कॅमेऱ्याचं तसं हाय, बोट लागलं की निघतो फोटो. रीळ थोडंच संपतंय. तुझ्या मेंढ्यांचे निघाले, रायभानच्या कॅनचे निघाले. समदे आतच हायेत.” आणि त्यानं मांडीखालच्या पिशवीवर प्रेमानं थाप मारली.

आता पिशवीला तीन राखणदार झाले.

“बेबीताई,” रायभान पुढं होऊन म्हणाला, “मी काय म्हणतो, नवी वस्तू हाय, उन्हातान्हातून आली हाय. आज कशाला उघडायची?”

“बराबर,” म्हस्कू म्हणाला. “म्या तर बाजारातून मेंढी आणली तरी एक रात झाकून ठिवतो. लगेच दाखवली की दिष्ट लागती.”

बेबीनंदा सासऱ्याच्या गोष्टी पंधरा वर्षं ऐकत होती. तिला त्या आवडायच्या, पण ऐकताना ती त्याच्या तोंडाकडं बघायची नाही, हातांकडं बघायची. आज हात नेहमीसारखे हवेत उडत नव्हते. एक डबीवर होता आणि एक पिशवीवर.

“मामा, चिठ्ठीत तर मी अठरा ते एकशे पस्तीस लिहिल्ती. ही तीनशेची कशी आली?”

“तुझी बी पाहिली ना! चांगली हाय. पण गरीब हाय. उषाबाईच्या मांडवात पाचशे माणूस. नवरीच्या पापणीचा केस पाह्यजे त्यांना. तुझी लेन्स मान खाली घालून उभी राह्यली असती.”

“पण घरातलं कसं काढायचं हिच्यातून? सत्तरच्या खाली येत न्हाई ती. हळद लावताना मी काय अंगणाच्या भाहेर जाऊन उभी राहू?”

हा मुद्दा बिनतोड होता. कडूबानं तंबाखू तोंडात टाकली आणि गालात दाबली.

“मंग बदलून आणता येती,” तो म्हणाला, जसं काही आत्ताच सुचलं. “त्याला काय! उद्या सकाळी जातो. तुझी आणतो.”

“बरं. पण बघू तरी द्या.”

“न्हाई!” कडूबा एवढ्या मोठ्यानं ओरडला, की रायभानच्या हातातली कपबशी हलली. मग आवाज उतरवून, “दुकानदारानं बजावून सांगितलंय. नव्या लेन्सनं पहिल्याच दिवशी लई लांबचं पाहिलं की काच तापती. लगेच उघडली, हवा लागली, की तडकती. एक रातभर अंधारात ठिवायची. आन् हिनं तर बारा कोस पाहिलं.”

“असं दुकानदार म्हणला?”

“माझ्या हातावर हात मारून.”

“काचेचं तसंच असतंय बघा,” रायभान म्हणाला. “माझ्या गलासांचं बी तसंच. गरमगरम धुतला की गेला.”

बेबीनंदानं एकदा रायभानकडं पाहिलं, एकदा म्हस्कूकडं. दोघांनी माना डोलावल्या. इतकं एकमत ह्या हॉटेलात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही झालं नव्हतं.

“बरं,” ती म्हणाली. “राहू द्या मंग.”

कडूबाच्या छातीवरचं जातं कोणीतरी उचलून बाजूला ठेवलं. उद्या सहाची बस. साडेसातला जालना. झालंच की काम. आयुष्यात पहिल्यांदा त्याची थाप लोकांनी खरी मानली होती आणि हे सुख काही वेगळंच होतं. इतकी वर्षं आपण हे का केलं नाही, असंही त्याला वाटून गेलं. दुसरा एखादा माणूस इथं उठला असता, म्हणाला असता की बसून बसून पाय आखडले, आणि घरी गेला असता. पण समोर माना डोलावणारी माणसं असताना उठून जाणं कडूबाच्या रक्तात नव्हतं.

“आन् म्होरं ऐका,” तो म्हणाला. “पंक्चर निघालं. बस सुटली. तर चालत्या बसमधून म्या...”

“मामा, कागद तरी द्या,” बेबीनंदा मध्येच म्हणाली. “गॅरंटीच्या कार्डावर आजची तारीख टाकून ठेवते. इसरून जाईल नाहीतर.”

कडूबाच्या दुसऱ्या बाजूला, बाकड्याच्या टोकाशी, दुकानाची एक चकचकीत पिशवी पडली होती. बसमध्ये डबा उघडताना कॅमेऱ्याच्या वरून जे जे निघालं, पुस्तकं, वायरी, पुठ्ठे, ते सगळं त्यानं तिच्यात कोंबलं होतं. कागदांना काय भ्यायचं? त्यानं ती उचलून सुनेच्या हातात दिली. दिली आणि मग आठवलं. कॅननच्या दुकानाची पावती! ती कुठं आहे? त्यानं हळूच सदऱ्याच्या खिशात दोन बोटं घातली. होती. घडी घातलेली, तिथंच होती.

ह्या आनंदात त्याला राहवलं नाही.

“...चालत्या बसमधून म्या फोटो काढले! एक न्हाई, दोन न्हाई. आभाळातली घार काढली, तर तिच्या नखातला उंदीर दिसतोय, अन् उंदराच्या मिश्या मोजून घ्या. कंडक्टरचा काढला, तर त्याच्या डोळ्यात मीच फोटो काढून राह्यलो असा दिसतोय. कंडक्टर म्हणला, बाबा, आता बस करा, तिकिटं फाडायची राह्यली. विचारा त्याला.”

“बस तर म्होरं गेली,” म्हस्कू म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात संशय नव्हता. मेंढ्या सुखरूप होत्या, आता तो घार, उंदीर सगळं मानायला तयार होता.

“आबा, किती काढले असतील एकंदर?” रायभाननं चहा पुढं ठेवत विचारलं. चहा आज घट्ट होता.

कडूबानं तंबाखू थुंकली, बशीत चहा ओतला. फुंकर मारली. गोल आकडा सांगितला तर लोकांना शंका येते, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं.

“एकशे सत्तावन्न.”

“बापरे!”

“एकशे सत्तावन्नावा तुझ्याच हॉटेलाचा, उतरता उतरता.”

बेबीनंदा मांडीवर पिशवी ठेवून एकेक वस्तू बाहेर काढत होती. पुस्तक काढलं, बाजूला ठेवलं. कार्ड काढलं. वायर काढली. मग तळाशी हात घालून तिनं एक लहानशी, काळी, चौकोनी वस्तू काढली, उजेडाकडं धरली, उलटसुलट करून पाहिली, आणि ती कडूबाच्या बशीशेजारी टेबलावर ठेवली.

“मामा,” ती म्हणाली, “कॅमेऱ्याची बॅटरी तर ही हितं हाय. पन्नी बी फाडली न्हाई अजून. एकशे सत्तावन्न फोटो कशावर काढले? उठा जरा, पिशवी द्या इकडं.”